एकांची माळ

जबलपूरच्या आमच्या सदरमध्ये गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. शाळेत असताना पेंटीनाक्यापासून घरी येईपर्यंत आम्हा पोरांचा एक खेळ चाले. समोर दिसेल तो आकडा, मग तो गल्लीचा असो, रिक्षाचा असो की छावणीच्या भिंतीवर रंगवलेला असो, 'फुटतो' की नाही ते आधी कोण सांगतो! सहा फुटतो, नऊ फुटतो, सात फुटत नाही. 'मूळ संख्या' हा पुस्तकातला शब्द आम्हाला पुढे भेटला. तोवर आमच्यासाठी जगात दोनच प्रकारचे आकडे होते, फुटणारे आणि न फुटणारे.

एकदा १११ वर भांडण जुंपलं. तीन एक शेजारी शेजारी ताठ उभे. हा कसला फुटतो, असं बहुमत पडलं. घरी येऊन आजोबांना विचारलं. ते जुन्या पद्धतीने पाढे शिकलेले. त्यांनी मान वरही न करता सदतीसचा पाढा सुरू केला आणि तिसऱ्याच पायरीवर थांबले : "सदतीस त्रिक अकरोदरसे." फुटला.

त्या दिवसापासून नुसत्या एकांनी बनलेले आकडे माझ्या डोक्यात घर करून बसले आहेत. ११ फुटत नाही. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. १११११ म्हणजे ४१ × २७१. सहा एक घ्या, सात घ्या, आठ घ्या. अठरा एकांपर्यंत जा. अकरा सोडला तर त्यातला एकही टिकत नाही. आणि मग एकोणीस एक मांडा : १११११ १११११ १११११ ११११. हा फुटत नाही. हे ठामपणे कळायला १९१६ साल उजाडावं लागलं.

एकच आकडा किंवा एकच ठेवण पुन्हा पुन्हा येणाऱ्या मोठ्या मूळ संख्यांचा हा शोध परदेशी विद्यापीठांत आणि संगणकांवर झाला असं सहसा समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. या गोष्टीची जुनी पानं आपल्याकडची आहेत, आणि त्यातलं एक ठळक पान देवळालीच्या एका मराठी शाळामास्तरांचं आहे. मला ती गोष्ट जबलपूरहून सांगायची आहे, कारण तिची गावं आमच्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपास पसरलेली आहेत.

सुरुवात तेवरपासून करू. सदरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर लागतं. आज लहानसं गाव. एके काळी त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. या घराण्याचे शिलालेख आणि ताम्रपट एकत्र करून त्यांचा इतिहास मांडण्याचं मोठं काम नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलं. त्रिपुरीचा राजा पहिला कोक्कल्ल याने आपली मुलगी राष्ट्रकूट कृष्ण दुसरा याला दिली. हा कृष्ण म्हणजे अमोघवर्ष नृपतुंगाचा मुलगा. आणि याच अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला.

त्या ग्रंथात गुणाकाराच्या प्रकरणात काही उदाहरणं अशी आहेत की त्यांचं उत्तर काढल्यावर माणूस क्षणभर थांबतोच. १३९ ला १०९ ने गुणा : १५१५१. १५२२०७ ला ७३ ने गुणा : ११११११११, आठ एक. १२३४५६७९ ला ९ ने गुणा : नऊ एक. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा : १२३४५६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच आकडा. महावीराचार्य अशा उत्तरांना राजाच्या गळ्यात शोभणारा कंठा म्हणतात. मणी दोन्ही बाजूंनी सारखे ओवलेले, मधोमध मोठा मणी. मला ही कल्पना फार आवडते. नुसतं उत्तर बरोबर येणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. उत्तर देखणं असावं, विद्यार्थ्याने ते गळ्यात घालावं, अशी त्यांची इच्छा दिसते.

शेवटच्या उदाहरणाकडे जरा नीट बघा. ४४१ हा २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ × ५२९१ म्हणजे ११११११. म्हणजे तो कंठा सहा एकांच्या आकड्याचा वर्ग आहे. महावीराचार्यांनी सहा एकांची माळ आधी फोडली, तुकडे दोन वाटण्यांत विभागले, प्रत्येकाचा वर्ग केला आणि मग विद्यार्थ्यापुढे ठेवले. उदाहरण असं रचायला एकांच्या माळेचे अवयव ठाऊक असावे लागतात. आठ एकांच्या उदाहरणातही तेच : ७३ हा त्या माळेचा खरा अवयव आहे. अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी बसून या माळा फोडत होतं.

हा ग्रंथ एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह छापला. हिंदी भाषांतरासह त्याची आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली, आणि ती सिद्ध केली लक्ष्मीचंद्र जैन यांनी. गणिताच्या या प्राध्यापकांचा जबलपूरशी दीर्घ संबंध. ग्रंथ राष्ट्रकूटांच्या दरबाराच्या छायेतला, पुस्तक सोलापूरचं, हात आमच्या गावचा.

आता गाडीत बसू. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी, जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. इटारसी, खंडवा, भुसावळ करत गाडी चाळीसगावला पोचते. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, असं तो सांगतो. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'लीलावती' ११५० ची.

लीलावतीच्या शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे. दिलेल्या आकड्यांची उलटापालट करून किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती, हा त्याचा विषय. ३, ९ आणि ८ घ्या. त्यांच्यापासून सहा संख्या होतात : ३९८, ३८९, ९३८, ९८३, ८३९, ८९३. बेरीज ४४४०. एकेक मिळवत बसायची गरज नाही. प्रत्येक आकडा प्रत्येक स्थानी दोनदा येतो. ३ + ९ + ८ म्हणजे २०, दुप्पट ४०. हे ४० एकं, दहं आणि शतं अशा तिन्ही घरांत ठेवून मिळवायचे. म्हणजेच ४० × १११. एकांची माळ इथेही आहे, फक्त पडद्याआड. २ पासून ९ पर्यंतचे आठ आकडे घेतले तर ४०,३२० संख्या होतात आणि त्यांची बेरीज २४६३९९९९७५३६०. भास्कराचार्य हेही उदाहरण देतात. आठ एकांच्या माळेने २,२१,७६० ला गुणलं की हे उत्तर पडतं. वहीवर करून बघण्यासारखं आहे.

चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, आणि मग देवळाली. हीसुद्धा आमच्या सदरसारखीच छावणीची वस्ती. इथल्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी मुलांना शिकवलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पंचांगातली आकडेमोड मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत राहिली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये पदवी. पुढे पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. देवळालीची शाळा, फावला वेळ आणि वही-पेन्सिल.

जीआयपीच्या मार्गावर मुंबईपासून तीस मैलांवर एक स्टेशन होतं, आजचं डोंबिवली. कापरेकर त्याला 'डेम्लो' म्हणतात. तिथे त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या आणि त्यांनी त्यांना त्या स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं : डेम्लो संख्या. २५५३ ही डेम्लो संख्या आहे : कडेचे २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये दोन पाच. ४७७७३ ही आणखी एक : ४ आणि ३ मिळून ७, मध्ये तीन सात. यातल्या सर्वांत सुंदर संख्यांना त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं. त्या अशा : १, १२१, १२३२१, १२३४३२१... कडेच्या १२३ आणि ३२१ ची बेरीज ४४४, मधे ४. आणि या सगळ्या एकांच्या माळांचे वर्ग. महावीराचार्यांचा कंठा १२३४५६५४३२१ याच रांगेत सहावा येतो.

कापरेकरांचा या अद्भुत डेम्लो संख्यांवरचा लेख १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आला. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला सिद्धांताचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. १९४८ मध्ये त्यांनी 'डेम्लो नंबर्स' हे पुस्तक देवळालीहून काढलं. त्यांचं बरंचसं लेखन असंच स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिकांमधून लोकांपर्यंत गेलं. पैसा मास्तरच्या पगारातला.

नऊ एकांच्या वर्गापर्यंत सगळं सुरळीत चालतं : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग करा आणि बघा काय होतं : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, मधे दोन शून्यं. हातचा आला आणि माळ विस्कटली. ही जागा मला नेहमी अडवते. आकड्यांची ठेवण किती पुढे टिकेल याचा भरवसा नसतो. ३१ फुटत नाही. ३३१ फुटत नाही. ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१, एकही फुटत नाही. सात आकडे ओळीने टिकले की कोणीही पैज लावेल. आणि आठवा, ३३३३३३३३१, हा १७ × १९६०७८४३ निघतो. म्हणून डोळ्याला दिसलेली ठेवण आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत गणिताने कडक भिंत उभी केली आहे, आणि ती कापरेकरांनाही पुरती ठाऊक होती.

१९५० मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक देवळालीहून काढलं : 'सायकल्स ऑफ रिकरिंग डेसिमल्स'. ३ ते १६१ पर्यंतच्या संख्यांनी आणि काही इतर संख्यांनी एकाला भागलं की जे आवर्ती दशांश अपूर्णांक येतात, त्यांच्या आवर्तांचा हा अभ्यास. कापरेकर म्हटलं की ६१७४ हा आकडा सगळ्यांना आठवतो. तो त्यांना १९४६ मध्ये सापडला, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडला आणि मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर तो जगभर गेला. त्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. माझ्या मते या विषयापुरतं तरी हे आवर्तांचं पुस्तक जास्त मोलाचं आहे, आणि ते फारसं कोणी उघडत नाही.

मोलाचं का, ते हाताने करून दाखवतो. १ ला ४१ ने भागा : ०.०२४३९०२४३९... पाच आकड्यांचं आवर्त. १ ला २७१ ने भागा : ०.००३६९००३६९... पुन्हा पाच. आणि ४१ × २७१ म्हणजे पाच एक. हा योगायोग नाही. ज्या मूळ संख्येच्या आवर्ताची लांबी पाच, ती पाच एकांच्या माळेला भागणारच. आणि उलट पाच एकांची माळ ज्या मूळ संख्येने फुटते, तिच्या आवर्ताची लांबी पाचच असणार. सातचं आवर्त सहा आकड्यांचं, १४२८५७. म्हणून सात सहा एकांच्या माळेला भागतो. १००१ मधले ७, ११, १३, सगळे याच घरचे : ११११११ म्हणजे ३ × ७ × ११ × १३ × ३७.

एकांची माळ कुठे फुटते हा प्रश्न आणि आवर्ताची लांबी किती हा प्रश्न, दोन्ही एकच आहेत. आवर्तांचा तक्ता करणारा माणूस नकळत माळा फोडण्याचा तक्ता करत असतो. इंग्लंडमध्ये हे काम विल्यम शँक्स यांनी केलं. होटन-ले-स्प्रिंग नावाच्या छोट्या गावात तेही शाळाच चालवत. १८७४ मध्ये त्यांनी हजारो मूळ संख्यांच्या आवर्तांची लांबी काढून दिली. दोन शाळामास्तर, दोन लहान गावं, एकच काम.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सहा एक फुटतात ते त्यांच्या लांबीमुळेच : १११ × १००१, किंवा ११ × १०१०१. लांबी फुटत असेल तर माळही फुटते. म्हणजे टिकणारी माळ हवी असेल तर तिची लांबी स्वतः न फुटणारी हवी. पण तेवढ्याने भागत नाही. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरा एक म्हणजे २१६४९ × ५१३२३९. सतरा एक म्हणजे २०७१७२३ × ५३६३२२२३५७. हे बोटांवर मोजत कोणी काढलं असेल तर त्याला दंडवतच घातला पाहिजे.

मग एकोणीस. त्याला भागू शकणारी मूळ संख्या ३८ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असली पाहिजे, हे आवर्तांच्या नियमाने कळतं. म्हणजे १९१, २२९, ४१९, ४५७ असं चढत जायचं. पण कुठपर्यंत? एकशे पाच कोटींच्या वरपर्यंत. चाळणी लावूनसुद्धा सुमारे तीस लाख भागाकार उरतात. एका माणसाने दिवसाला शंभर केले तरी ऐंशी वर्षांवर काम जातं.

सुटका एका सुंदर युक्तीने होते. १९ एकांमधून एक वजा करा. उरतात अठरा एक आणि शेवटी शून्य, म्हणजे दहापट अठरा एक. आणि अठरा एकांची माळ तर लहान लहान तुकड्यांत फुटते. त्यातला सर्वांत मोठा तुकडा ३३३६६७ एवढाच. एखाद्या संख्येच्या आधीच्या संख्येचे अवयव हाताशी असले की ती संख्या मूळ आहे हे सिद्ध करता येतं, ही फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी घालून दिलेली वाट. तिला पुढे अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी पक्कं केलं. अठरा मण्यांची माळ फुटते म्हणूनच एकोणीस मण्यांची माळ फुटत नाही हे दाखवता येतं.

न्यूयॉर्कच्या ऑस्कर होप्पे यांनी १९१६ मध्ये एकोणीस एकांची सिद्धता मांडली आणि १९१८ मध्ये लंडनच्या गणित मंडळाने ती छापली. १९२९ मध्ये लेमर आणि मोरिस क्रायचिक यांनी स्वतंत्रपणे तेवीस एकांची माळ न फुटणारी असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी कापरेकर फर्ग्युसनमधून पदवी घेऊन बाहेर पडत होते. अशा संख्यांना इंग्रजीत 'रेप्युनिट' हे नाव अल्बर्ट बायलर यांनी १९६० च्या दशकात दिलं.

तेविसानंतर जवळजवळ पन्नास वर्षं नवं काही नाही. मग कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे ह्यू विल्यम्स यांनी ३१७ एकांची माळ मूळ असल्याचं सिद्ध केलं. १९७८ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखाचा मथळाच 'आकड्यांची वेधक ठेवण असलेल्या काही मूळ संख्या' अशा अर्थाचा आहे. ज्या ठेवणीच्या वेडाला आपल्याकडे करमणूक म्हणून बाजूला सारलं जात होतं, ते गंभीर नियतकालिकाच्या मथळ्यात येऊन बसलं होतं. पुढची माळ १०३१ एकांची. विल्यम्स आणि न्यू जर्सीचे विद्युत अभियंता हार्वे डबनर यांनी ती सिद्ध केली आणि १९८६ मध्ये लेख छापला. इथेही आधार तोच : आधीच्या १०३० एकांच्या माळेचे अवयव. डबनर यांनी मुलाच्या मदतीने मोठ्या संख्यांच्या गुणाकारासाठी खास यंत्र स्वतः बनवलं होतं. १९८६ हेच कापरेकरांच्या निधनाचंही वर्ष.

पुढची हकिगत थोडक्यात. १९९९ मध्ये डबनर यांना ४९,०८१ एकांची माळ 'बहुधा मूळ' असल्याचं आढळलं. बहुधा म्हणजे चाचण्या पास, सिद्धता बाकी. ती सिद्धता व्हायला तेवीस वर्षं लागली. २०२२ मध्ये पॉल अंडरवुड यांनी ती पुरी केली. ८६,४५३ एकांची माळ २००० मध्ये सापडली, २०२३ मध्ये आंद्रेआस एंगे यांनी सिद्ध केली. २०२१ मध्ये रायन प्रॉपर आणि सर्ज बातालोव यांनी ८१,७७,२०७ एकांची माळ बहुधा मूळ असल्याचं जाहीर केलं. एवढ्या लांबीची सिद्धता आजच्या साधनांच्या आवाक्यात नाही. न फुटणाऱ्या माळा कुठेतरी संपतात की कधीच संपत नाहीत, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

कापरेकरांची ओळ इथे तुटली असती तर मला वाईट वाटलं असतं. ती तुटली नाही. दहा एकांच्या वर्गात हातच्यामुळे माळ विस्कटते, हे वर आलंच. पण वर्गाचा हट्ट सोडून नुसती ठेवण धरली तर? एकपासून दहापर्यंत चढा आणि तसेच उतरा : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हा वीस आकड्यांचा डोंगर मूळ संख्या आहे. यानंतरचा असा डोंगर कोणता, हा प्रश्न साहजिकच पडतो. १ ते २४४६ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरलं की १७,३५० आकड्यांची संख्या होते. ती बहुधा मूळ आहे, हे २०१५ मध्ये श्याम सुंदर गुप्ता यांनी दाखवलं. गुप्ता हे भारतीय रेल्वेतले अभियंता. डोंबिवलीच्या स्टेशनात सुरू झालेली गोष्ट रेल्वेच्याच माणसाने पुढे नेली, याचा मला मनापासून आनंद आहे.

कापरेकरांनी एकांची नवी मूळ माळ शोधली असा माझा दावा नाही. त्यांना खोट्या मोठेपणाची गरजही नाही. माझं म्हणणं एवढंच की १९३८ ते १९५० या काळात देवळालीत बसून ते ज्या जमिनीत खणत होते, ती तीच जमीन आहे जिथे होप्पे, लेमर आणि विल्यम्स यांना त्यांच्या संख्या मिळाल्या. साधन वेगळं होतं, जमीन एकच. आपल्या शाळांमध्ये ६१७४ चा खेळ कधीतरी दाखवला जातो आणि तिथेच कापरेकर संपतात. सातवी-आठवीच्या मुलांपुढे १/७, १/४१ आणि १/२७१ ठेवले, त्यांना आवर्तं मोजू दिली आणि मग पाच एकांची माळ फोडायला सांगितली, तर एका तासात ती संशोधनाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहतात. मी हे सदरमधल्या कॉफी हाऊसात शेजारच्या मुलीबरोबर करून पाहिलं आहे. बिलाच्या पाठीवर तिने ११, ३१ आणि ४१ अशी क्रमाने भागून पाहिली आणि ४१ ला बाकी शून्य आल्यावर ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत होती.

कापरेकरांच्या पुस्तिका पातळ होत्या, थोड्याच छापल्या गेल्या, आणि आज त्या मिळणं कठीण आहे. जबलपूर, सागर, नागपूरच्या मराठी घरांतून नाशिक-देवळालीशी नातेसंबंध असलेली कुटुंबं कितीतरी आहेत. एखादे आजोबा शिक्षक असतील, एखादे छावणीत नोकरीला असतील. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत 'डेम्लो नंबर्स' किंवा आवर्ती दशांशांची पुस्तिका सापडली तर रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन द्या.